‘ओव्हरटाइम’चा हजेरीपट

‘ओव्हरटाइम’ला कुणी ऑर्केस्ट्रा म्हटलं, की साळवेसाहेब आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे. मग खिशातली छोटी वही काढायचे आणि अपराध्याचं नाव वेळेसकट लिहायचे. “तीन वाजून सतरा मिनिटं. ऑर्केस्ट्रा म्हणाले. नोंद आहे.” बस्स. शिवी नाही, आरडाओरडा नाही. पण ज्याचं नाव त्या वहीत गेलं, त्याला पुढचे सहा महिने साळवेंच्या घरी बिनसाखरेचा चहा मिळायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. मी दोन वेळा ती सजा भोगली आहे. दुसऱ्या वेळी तर मी ऑर्केस्ट्रा म्हटलंही नव्हतं, नुसतं ‘ऑर्’पर्यंत आलो होतो.

भगवान साळवे आमच्या अंबरनाथच्या बोल्ट कंपनीत टाइमकीपर होते. मी त्याच कंपनीत स्टोअरचा कारकून. गेटजवळ त्यांची काचेची केबिन, केबिनमध्ये कामगारांच्या हजेरीची मस्टरं, आणि मस्टरांच्या वर भिंतीला एक लाल बटण. ते दाबलं की कंपनीचा भोंगा वाजायचा. भोंगा असा होता की त्यावर अंबरनाथ चहा प्यायचं, उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये पोळ्यांचे तवे तापायचे आणि कुळगावात म्हशी आपणहून दावणीला येऊन उभ्या राहायच्या. एकदा सूर्य एक मिनिट उशिरा मावळला, तर साळवेंनी त्याला लेट मार्क लावला अशी कंपनीत वदंता होती. मला ती खरी वाटते.

आता ‘ओव्हरटाइम’. हा आमच्या कंपनीचा रॉक बॅन्ड. ऐंशीच्या दशकात बाकीच्या कंपन्यांत भजनी मंडळं होती, कॅरम होते, नाटकं होती. आमच्याकडे एका गुणी माणसाला भंगारात एक ड्रमसेट सापडला आणि पुढचं सगळं रामायण घडलं. तो गुणी माणूस म्हणजे किसन म्हात्रे, बदलापूरकडचा आगरी गडी, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर कामाला. गावातल्या हळदीत वाजवून वाजवून त्याचे हात असे तयार झाले होते की भट्टीचं दार उघडतानाही तो तालात उघडायचा. गायला लेथवरचा विलास तांबे. इंग्लिश गाण्यांचे शब्द त्याला येत नसत, पण आत्मविश्वास असा की साहेबांनाही वाटावं, आपलंच इंग्लिश कच्चं आहे. आणि गिटारला घनश्याम, म्हणजे घनूशेठ. हा आमचा कामगार नव्हे. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये याचा जीन्स शिवायचा कारखाना, आणि उरलेल्या कापडाचे हातमोजे तो आमच्या कंपनीला पुरवायचा. हातमोजे द्यायला आला आणि गिटार वाजवायला थांबला. असे जमत जमत चौदा जण झाले.

चौदा कशाला लागतात, असं तुम्ही विचाराल. तीच तर ‘ओव्हरटाइम’ची मौज. घनूशेठ सोडला तर सगळे पाळीवाले. कंपनीत तीन पाळ्या, आणि दर सोमवारी पाळी बदलायची. रिहर्सल रोज साडेतीन ते पाच, गेटशेजारच्या जुन्या पॅकिंग शेडमध्ये. पहिल्या पाळीची माणसं तीनला सुटून यायची, रातपाळीची झोप काढून यायची, आणि दुपारपाळीची त्या वेळी मशीनवर असायची. म्हणजे दर आठवड्याला एक तृतीयांश बॅन्ड गायब! या सोमवारी गिटार तीन आणि ड्रम नाही, पुढच्या सोमवारी ड्रमवर दोघे आणि गाणारा कुणी नाही. जगात बॅन्ड भांडणांनी फुटतात, आमचा दर सोमवारी नोटीस बोर्डावर फुटायचा.

अशा बॅन्डचा इतिहास लिहिणं म्हणजे कारखान्यांचं पाणी पिणाऱ्या वालधुनी नदीचा रंग सांगणं. कुठल्या दिवशीचा, ते आधी सांगा! पण साळवेंनी तो लिहिला. त्यांची केबिन शेडच्या समोर. खिडकीतून सगळं दिसे आणि न दिसलेलं ऐकू येई. ते जनरल शिफ्टला, म्हणजे पाचपर्यंत केबिनमध्येच. त्यांनी एक कोरं मस्टर घेतलं, वर ‘ओव्हरटाइम’ लिहिलं आणि रोज साडेतीनला शेडच्या दारात उभं राहून हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाव, वाद्य, हजर, गैरहजर, शेरा. खाली ‘हजेरी घेणार’ म्हणून सही : भ. साळवे.

या मस्टरात सभासदांचे चार वर्ग होते. कायम, बदली, कंत्राटी आणि शिकाऊ. घनूशेठ कंत्राटी. यावर तो दर महिन्याला भांडायचा.

“साईं, सबसे ज्यादा बजाता कौन है? मी! तरी मी कंत्राटी?”

“तुमचं नाव कंपनीच्या पटावर नाही, घनूशेठ.”

“बॅन्डच्या तर आहे ना!”

“आहे. कंत्राटी म्हणून आहे. नोंद आहे.”

किसन तीनदा बॅन्ड सोडून गेला. एकदा गणपतीत, एकदा भावाच्या लग्नात आणि एकदा घनूशेठने त्याला “जरा हळू मार, टेबल नाही ते” म्हटलं म्हणून. साळवेंच्या लेखी तो एकदाही गेला नाही. तिन्ही वेळा बिनपगारी रजेवर. विलास मध्येच दोन महिने कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रात गायला. तो काळ मस्टरात असा : “गैरहजर. पूर्वसूचना नाही. ठिकाण लिहिण्यासारखं नाही.”

आणि प्रकार! हे संगीत नेमकं कुठल्या प्रकारचं, यावर त्या शेडमध्ये जेवढा वाद झाला तेवढा युनियनच्या मागण्यांवर झाला नसेल. विलास म्हणे वेस्टर्न. घनूशेठ म्हणे, “जो बजता है वो बजता है, उसमें क्या!” किसनचं मत स्वच्छ होतं. “ढोलावर पयला ठोका परला का ती हलद. मंग तुम्ही वरशी इंग्लिश बोला नाय तं जर्मन बोला.” साळवेंनी मात्र सहा महिने अभ्यास करून सिद्धांत मांडला. पहिल्या पाळीची माणसं नुकती सुटलेली, अंगात मशीनचा जोर, म्हणून त्यांचं हार्ड रॉक. दुपारपाळी सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी वाजवतात ते ब्लूज, कारण आठवडाभर बायकामुलं जागी दिसणार नसतात. आणि रातपाळीवाले निम्मे झोपेत वाजवतात, ते सायकेडेलिक. मस्टरात रोजच्या तारखेपुढे एक अक्षर असे : हा, ब्लू किंवा सा. मी एकदा विचारलं, “आणि तिन्ही पाळ्यांचे एकत्र आले तर?” साळवेंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “तो संप.”

हे सगळे एकत्र आले एकदाच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा असायची. त्या दिवशी मशिनं बंद, आवारात मांडव, पुढच्या खुर्च्यांवर साहेब मंडळी, आणि ‘ओव्हरटाइम’चा पहिला जाहीर कार्यक्रम. चौदाच्या चौदा मांडवात. साळवे केबिनमध्ये, कारण पूजा असो वा प्रलय असो, पाचच्या भोंग्याशिवाय गेट उघडायचं नाही.

काय वाजवलं त्यांनी! किसनने पहिला ठोका टाकला आणि कॅन्टीनच्या पत्र्यावर वर्षानुवर्षं बसलेली कबुतरं उठली ती थेट कर्जतला उतरली. पुढल्या रांगेतल्या साहेबांच्या चहाला लाटा आल्या. शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर उंच होता. विलास तो कधी लागू द्यायचा, कधी नाही. त्या दिवशी त्याने हात वर केला, डोळे मिटले, सूर धरला, चढवला, चढवला... आणि नेमका तिथेच भोंगा झाला. त्याच सुरात! विलासचा आवाज कुठे संपला आणि भोंगा कुठे सुरू झाला, कुणाला कळलं नाही. वीस सेकंद तो सूर अंबरनाथवर उभा होता. मांडव उभा राहून टाळ्या वाजवत होता. साहेबांनी खिशातून रुमाल काढला. तो डोळ्यांना लावला की कानांना, यावर मतभेद आहेत.

घोळ एवढाच की तेव्हा पाच वाजायला दोन मिनिटं कमी होती. जनरल शिफ्टची माणसं दोन मिनिटं आधी गेटबाहेर! साळवेंना मेमो मिळाला. त्यांनी एका ओळीचा खुलासा दिला : “घड्याळ पुढे होतं.” दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कॅम्प तीनच्या घड्याळजीकडे गेलो. त्याने घड्याळ उघडलं, भिंग लावलं, कानाशी धरलं.

“इसमें तो कुछ नहीं है, साहब.”

“तरी ठेवून घ्या,” साळवे म्हणाले. “आठवडाभर.”

आठवडाभर त्यांचं मनगट मोकळं होतं. माणूस कपडे न घालता फिरावा तसे ते फिरत होते. तेव्हा मला वाईट वाटलं. मी अडाणी.

विलास मात्र त्या सुरावर जगला. तो सूर आपणच शेवटपर्यंत ओढला, भोंगा नंतर येऊन चिकटला, हे त्याने बाराव्यांत आणि बारशांत सांगितलं. नव्वदनंतर कंपनी डगमगू लागली, मग कुलूपच लागलं. कुणी रिक्षा घेतली, कुणी वाशिंगला, शिलाईला जीन्सच्या कारखान्यात गेलं, किसनने वीटभट्टीला हात घातला. भोंगा उतरवून भंगारात गेला. साळवे कॅम्प चारच्या आपल्या ब्लॉकमध्ये. बायको आधीच गेलेली, लेक सासरी नाशिकला. घरात ते आणि ‘ओव्हरटाइम’ची नऊ वर्षांची नऊ मस्टरं. माणूस बघितला तर तक्रार नाही. पाचला चहा, सहाला फेरी, आणि रस्त्यात जुना कामगार भेटला की “जयभीम. या महिन्यात दिसला नाहीत. रजा का?”

आणि मग एक दिवस सत्कार उपटला.

आमच्या वसाहतीच्या मंडळाने जयंतीच्या सांस्कृतिक सप्ताहात ‘ओव्हरटाइम’चा सत्कार ठरवला. पत्रिकेत छापलं : ‘एके काळची लोकप्रिय बेंजो पार्टी’. साळवेंनी ती पत्रिका चिमटीत धरून मंडळाच्या अध्यक्षांपुढे नेली. अध्यक्ष तिशीचे, हसतमुख गृहस्थ. त्यांनी सपशेल माफी मागितली आणि विचारलं, “मग काय लिहू काका? रॉक? डिस्को?” साळवे दीड तास बोलले. बॅनर रंगवणाऱ्याने शेवटी जागेच्या हिशेबाने लिहिलं : ‘रॉक (तीन पाळ्या)’. साळवेंना ते इतकं आवडलं की पेंटरला त्यांनी दोन चमचे साखरेचा चहा पाजला.

खरी आग पुढे लागली. अध्यक्ष म्हणाले, शाली चार आहेत.

“चार?” मी म्हटलं. “माणसं चौदा आहेत.”

“कॅसेटच्या कव्हरवर चारच असतात ना काका? आम्ही त्या हिशोबाने आणल्या. तुम्ही फक्त मूळचे चार सांगा.”

शाली त्यांनी साळवेंच्या ताब्यात दिल्या. बातमी एका दिवसात अंबरनाथहून बदलापूरला पोचली, आणि रविवारी दुपारी साळवेंच्या एका खोलीत चौदाच्या चौदा मूळचे सभासद हजर झाले. पंखा एक, खुर्च्या दोन. घनूशेठ पोटमाळ्याच्या शिडीवर बसला होता.

“पहिली शाल माझी,” विलास म्हणाला. “तो सूर कुणाचा होता?”

“आन ड्रम कोनाचा व्हता? तुज्या बापाशीचा?” किसनने विचारलं. “भंगारातशी मी उचललू तो. मी नसतू तं तुम्ही भजनं बोलत असतं.”

“तीनदा पळून गेलास तू!”

“रजा!” साळवे म्हणाले. “बिनपगारी.”

“अॅम्प्लिफायर किसका था? वायर किसकी थी?” घनूशेठ शिडीवरून गरजला. “चौदा लोगों की पॅन्ट किसने सिली?”

“तिची झिप उघडी राहायची!” चारपाच जण एकदम ओरडले.

मारामारी व्हायची ती खोलीत हात उचलायला जागा नव्हती म्हणून टळली. शेवटी साळवेंनी घड्याळ बघितलं आणि टेबलावर टिचकी मारली. खोली गप्प झाली. जुनी सवय.

“मस्टर खोटं बोलत नाही,” ते म्हणाले. “नियम सगळ्यांना माहीत आहे. बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरले तो कायम. शाल कायम सभासदाला. तपासा.”

तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी स्टोअरचा माणूस. बेरजेशिवाय मला झोप येत नाही. मी पहिलं मस्टर उघडलं. किसन, एकशे एक्क्याण्णव. विलास, दोनशे दोन. दुसरं मस्टर, तिसरं, चौथं. घनूशेठला पाळी नव्हती, पण तो कंत्राटी, म्हणजे नियमाबाहेर. बाकी एकही जण दोनशे चाळीसला पोचेना. आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. पोचणार कसा? वर्षाचे कामाचे दिवस तीनशे, त्यात प्रत्येकाचा तिसरा हिस्सा दुपारपाळीचा. काही केलं तरी दोनशेच्या फार पुढे कुणी जाऊच शकत नव्हतं! साळवेंनी असा नियम लावला होता की ज्यात तीन पाळीचा माणूस सात जन्मांत कायम होणार नाही.

“साळवेसाहेब,” मी म्हटलं, “या हिशेबाने ‘ओव्हरटाइम’मध्ये कायम सभासद कुणीच नाही.”

जो गोंधळ झाला तो लिहीत नाही. शेजारच्या सिंधी आजीबाईंनी जपमाळ घेऊन दारात येऊन बघितलं एवढं सांगतो. साळवे पांढरेफटक पडले. नऊ वर्षं त्यांनी हजेरी मांडली होती, बेरीज कधी केली नव्हती. बेरीज म्हणजे पगारखात्याचं काम.

मी पानं उलटत राहिलो, दुसरं काय करणार. आणि पानाच्या तळाशी माझी नजर अडकली. ‘हजेरी घेणार : भ. साळवे.’ रोज. सोमवार ते शनिवार, हा, ब्लू, सा. मी त्या सह्या मोजल्या. पहिलं वर्ष, दोनशे अठ्ठ्याण्णव. दुसरं, तीनशे एक.

“एक माणूस आहे,” मी म्हणालो. “नऊच्या नऊ वर्षं कायम.”

“कोन रं?” किसन.

मी मस्टर फिरवून तळाशी बोट ठेवलं.

“छे,” साळवे म्हणाले. “हजेरी घेणारा सभासद नसतो. आणि वाद्याच्या रकान्यात काय लिहिणार? मी काय वाजवलं?”

तेवढ्यात माझ्या हातातलं पान उलटलं आणि दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं पान समोर आलं. चौदा नावं, चौदा हजर. प्रकाराच्या जागी ‘हा + ब्लू + सा’. आणि शेऱ्यात, साळवेंच्या त्या टाकाने कोरल्यासारख्या अक्षरात : ‘४-५८. विलासला श्वास कमी पडला. भोंगा दिला.’

मी ते मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर वाटलं, वाचायला नको होतं. घड्याळ पुढे नव्हतं. त्या घड्याळजीला ते तेव्हाच कळलं होतं. ज्या माणसाने सूर्याला लेट मार्क लावला, त्याने एका लेथवाल्याच्या सुरासाठी आयुष्यात एकदा दोन मिनिटं चोरली होती, मेमो घेतला होता, आणि चोरीची नोंद स्वतःच्या हाताने करून ठेवली होती.

सगळे विलासकडे बघत होते. विलास जमिनीकडे. बारा वर्षं सांगितलेली गोष्ट एका ओळीत गेली होती. तो म्हणाला, “मला माहीत होतं. सूर गेला होता माझा.” मग साळवेंकडे न बघता, “माझी शाल त्यांना द्या.”

“वाद्य लिवा,” किसन म्हणाला. “भोंगा.”

“चहा टाकतो,” साळवे म्हणाले आणि आत गेले. चौदा जणांचा चहा एका भांड्यात होत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी दोन भांडी काढायला पाच मिनिटं लावली. तेवढ्यात घनूशेठ शिडीवरून उतरला, चारही शाली काखेत मारल्या आणि “साईं, मैं आता हूँ” म्हणून निघून गेला. तो परतला नाही. अनेकांना वाटलं, कंत्राटी माणसाने अखेर हिशेब चुकता केला.

पुढच्या रविवारी पाच वाजता कार्यक्रम. एप्रिलचं ऊन, मंडपात माणूस नुसता वितळत होता. अध्यक्ष शालींची वाट बघत कपाळ पुसत होते. आणि घनूशेठ आला, हातात पिशवी घेऊन. चार शाली कॅम्प तीनला नेऊन त्याने कापल्या होत्या, कडेला जीन्सचा पिवळा दोरा मारला होता, आणि प्रत्येकीवर चामड्याचं लेबल ठोकलं होतं, ‘ओव्हरटाइम’. चार शालींचे पंधरा मफलर.

“मफलर? एप्रिलात?” अध्यक्ष म्हणाले.

“फिटिंग बघा ना, साईं!” घनूशेठ म्हणाला.

मफलर नाव पुकारून द्यायचे ठरले, आणि नावं पुकारायची तर साळवेच. ते मस्टर घेऊन माइकपुढे उभे राहिले. “म्हात्रे किसन!” “हजर!” “तांबे विलास!” “हजर!” “घनश्याम, कंत्राटी!” “हजर, साईं, हजर!” पोटं सुटलेली, केस गेलेली माणसं गळ्यात लोकरीचे मफलर घालून घामाने निथळत एका रांगेत उभी राहिली. चौदा झाले. साळवेंनी मस्टर मिटलं.

किसनने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, उघडलं आणि माइकपाशी तोंड नेलं.

“सालवे भगवान!”

साळवे उभेच. अठ्ठावीस वर्षं या माणसाने रोज शेकडो नावं पुकारली होती. त्यांचं नाव कुणी पुकारलं नव्हतं. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते त्यांना आठवेना, हे मला पुढच्या रांगेतून स्पष्ट दिसत होतं.

“सालवे भगवान!” किसन पुन्हा ओरडला. “वाद्य, भोंगा!”

साळवेंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“हजर,” ते म्हणाले. मग मान खाली घालून, माइकला जेमतेम ऐकू जाईल असं, “पाच वाजून चार मिनिटं झालीत, म्हात्रे. लेट मार्क लावा.”